सरांची मुलाखत

बिल्ल्याची पिन शर्टातून आरपार जाऊन बोटात घुसली, तसं सरांनी ‘स्स’ केलं आणि बोट तोंडात घातलं. समोरच्या खुर्चीवरच्या पोराने मोबाइलमधून मान वर काढली.

“लागलं का काका?”

“नाही, विशेष काही नाही.”

“मुलाला घेऊन आलात?”

सरांनी बिल्ला सरळ केला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : उमेदवार. पोराने ते वाचलं, कानापर्यंत लाल झाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बुडाला.

विमा कंपनीचं ऑफिस सातव्या मजल्यावर होतं. बाहेर बसायच्या खोलीत ओळीने खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन आणि खालचा रस्ता दिसेल अशी भिंतभर काच. बसलेली सगळी मुलं सरांच्या वर्गातल्या बाकांवर शोभली असती अशा वयाची. सगळ्यांनी नवे बूट घातले होते आणि सगळ्यांनाच ते चावत असावेत. जागा एकच होती, दाव्यांच्या विभागात आकडेवारी तपासणाऱ्याची. जाहिरातीत वयाची अट नव्हती, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर सर इथवर आले होते.

शिकले त्याच महाविद्यालयात ते गणित शिकवायला लागले, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. बाहेरची मुलाखत अशी त्यांनी कधी दिलीच नव्हती. सकाळी बायकोने त्यांना टाय काढून ठेवायला लावला होता. “टायमध्ये तू कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा दिसतोस,” ती म्हणाली होती. मग दारात उभी राहून, हसू आवरत नसल्यासारखं करत म्हणाली होती, “जा. विचारून बघायला काय जातं?” पण तिचा हात दाराच्या कडीवरून लवकर सुटला नव्हता.

खोलीचं दार उघडलं. आत आलेल्या मुलीने आधी बिल्ला लावला, मग खुर्ची शोधायला नजर फिरवली आणि जागच्या जागी थांबली.

“सर?”

ती त्यांच्याच वर्गातली होती, शेवटच्या वर्षाची. वर्गात सगळे तिला ‘शंका’ म्हणत. पहिल्या वर्षापासून एक तास असा गेला नव्हता की तिने मधेच हात वर करून सरांचा खडू थांबवला नाही. इतर शिक्षक तिला वैतागत. सरही सुरुवातीला वैतागले होते.

तिचा चेहरा उजळला. “माझ्यासाठी आलात? मी तुमचं नाव दिलंय ना, चौकशीसाठी, म्हणून बोलावलं का त्यांनी?”

सरांनी काही म्हणायच्या आधीच तिची नजर त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. उतरायला त्याला जागाच सापडत नव्हती. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. मांडीवरच्या पिशवीचा पट्टा तिने बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“आपला गणिताचा विभाग बंद होतोय ना?” तिने हळूच विचारलं.

“तुमच्या वर्षाला काही होणार नाही.”

“म्हणजे पुढच्या वर्षी.”

ही मुलगी दोन पायऱ्या एकदम चढते, हे सरांना नवं नव्हतं.

“परवा त्या दोघांना तुम्ही सांगत होतात,” ती म्हणाली. “प्रवेशाची चौकशी करायला आले होते ते. मी मागेच उभी होते. गणित घेतलंत तर कुठलंच दार बंद नाही, असं म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

तिने मान हलवली आणि काचेबाहेर बघू लागली. सरांनाही तिथेच बघायचं होतं, पण आता ते बरं दिसलं नसतं.

परवा त्या दोघांना सांगितलं तेच त्यांनी तीन वर्षांपूर्वी हिच्या वडिलांना सांगितलं होतं. तिचे वडील खिडक्यांना, दुकानांना काचा बसवायचं काम करत. कामावरून तसेच आले होते. बोटांना पट्ट्या, कोपरापर्यंत पुट्टीचे पांढरे डाग. विद्यार्थी बसतात त्या बाकावर अंग चोरून बसले आणि म्हणाले, “सर, मला यातलं काही कळत नाही. पोरगी ऐकत नाही. आमच्या घरात सगळे म्हणतात, डोकं आहे तर काही तरी कामाचं शीक. गणित शिकून ही पुढे करणार काय, तेवढं सांगा.” सरांनी बँका, विमा, हवामान, औषधांच्या चाचण्या, कारखाने, सगळं सांगितलं. ते बोलणं त्यांना पाठच होतं. काचवाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि उठताना म्हटलं, “बरं. तुम्ही म्हणताय म्हणून.” तेव्हा सरांना ते वाक्य फार आवडलं होतं.

तेवढ्यात एका तरुण कर्मचाऱ्याने सगळ्यांना आतल्या खोलीत नेलं. लांब टेबलाशी बसवून त्याने प्रत्येकापुढे प्रश्नपत्रिका ठेवली. शंका सरांच्या उजव्या हाताला आली.

सरांना हसू आलं. उभा जन्म इतरांच्या प्रश्नपत्रिका काढण्यात गेला होता. त्यांनी पेन टेकवलं. पहिला, दुसरा, तिसरा, प्रश्न सोपे होते. चौथ्यात चारशे वाहनचालकांची माहिती होती. त्यांतले साठ टक्के सावध चालक. सावध चालकांपैकी पंचावन्न टक्के जणांनी अपघाताची भरपाई मागितलेली. सगळे मिळून भरपाई मागणारे एकशे वीस. तर भरपाई मागणारे सावध चालक किती? शेवटची माहिती लागतच नव्हती. मुलांना गोंधळात पाडायला जास्तीचं काही तरी घुसडून द्यायचं, ही परीक्षकांची जुनी खोड. सरांनीही ती काही कमी वेळा केली नव्हती. त्यांनी एकशे बत्तीस लिहिलं आणि पान उलटलं.

उजवीकडचा हात वर गेला.

“एक शंका होती.”

“शंका विचारायच्या नाहीत,” तरुण म्हणाला. “जे दिलंय त्यावरच सोडवा.”

“पण चौथ्यात...”

“प्लीज.”

हात खाली आला. कुणी तरी फिसकन हसलं. सरांना हसू आलं नाही. तीन वर्षांत तो हात त्यांनी इतक्या वेळा पाहिला होता की तो वर गेला की त्यांची मान आपोआप फळ्याकडे वळायची. आताही त्यांनी पान मागे उलटलं. चारशे चालक. सावध चालकांपैकी भरपाई मागणारे एकशे बत्तीस. आणि सगळे मिळून, सावध, बेसावध, सगळे धरून, एकशे वीस.

वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोराने केली असती तर कान धरण्यासारखी चूक. प्रश्नच चुकीचा होता, आणि तो वाचायच्या आधीच त्यांनी सोडवून टाकला होता.

शेजारी पेन चालत होतं. ती काय लिहीत असेल ते बघायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी आपल्या उत्तरावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : दिलेली माहिती आपसात जुळत नाही. मग पेन खाली ठेवून हात मांडीवर घेतले. परीक्षेत शेजाऱ्याच्या जिवावर उत्तर बदलणाऱ्या मुलाला त्यांनी एकदा वर्गाबाहेर काढलं होतं. मुलगा कोण ते आठवत नव्हतं. बाहेर जाताना त्याने दार किती हळू लावलं होतं, ते आठवत होतं.

मुलाखतीला आधी सरांना बोलावलं.

आत दोघं होती. तोच तरुण, आणि दाव्यांच्या विभागाच्या प्रमुख, पन्नाशीच्या बाई, चष्मा केसांत खोचलेला. बाईंच्या समोर सरांची उत्तरं होती.

“चौथा प्रश्न,” बाई म्हणाल्या. “तो मी मुद्दाम चुकीचा काढला होता. दोघांनाच कळला. तुम्ही आधी उत्तर लिहिलंत, मग त्यावर रेघ मारलीत. मधे काय झालं?”

पुन्हा वाचून बघितलं. हे वाक्य सरांच्या जिभेवर तयार होतं. ते खोटंही नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि ग्लास ठेवायला इतका वेळ लावला की तरुणाने मान वर केली.

“शेजारच्या मुलीने हात वर केला,” सर म्हणाले.

“तुम्ही तिचा कागद पाहिलात?”

“नाही. पण ती माझी विद्यार्थिनी आहे. ती हात वर करते तेव्हा बहुतेक वेळा चूक माझी असते.”

तरुण हसला. बाई हसल्या नाहीत.

“हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलंच नसतं.”

“हो.”

सरांनी टेबलावरचं पेन उचललं. हाताला सवयच तशी. “एकशे वीसच्या जागी एकशे साठ केलंत तर हा प्रश्न चांगला होईल,” असं म्हणत त्यांनी समोरच्या कोऱ्या कागदावर तो नव्याने मांडला. “आणि मग असंही विचारता येईल, की बेसावध चालकांत भरपाई मागणारे इतके कमी कसे? ते खरोखर कमी आहेत, की आपण ‘सावध’ म्हणून भलत्याच लोकांना निवडतोय?” एवढं बोलल्यावर आपण कुठे बसलोय याचं भान आलं, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. “माफ करा. फळा दिसला नाही तरी मी सुरू होतो.”

बाईंनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला होता.

“तुम्हाला इथे का यायचंय?”

“आमचा विभाग बंद होतोय. मुलंच येत नाहीत गणिताला.”

“तुमच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे?”

“एकीला. आजपासून.”

सर बाहेर आले तेव्हा शंका उठून उभी होती. दोघं दारात समोरासमोर आली. एरवी परीक्षेच्या दिवशी ते तिला ‘घाई करू नकोस’ म्हणत. आज ते वाक्य तोंडात आलं आणि तिथेच विरलं. ती त्यांच्या बाजूने आत गेली.

ती बराच वेळ आत होती. मुलाखतीच्या खोलीची काच दुधी होती. त्यातून आकार तेवढे दिसत. तिचा हात फळ्यासमोर असल्यासारखा हवेत फिरताना सरांना दिसला. मग तो थांबला. मग बाईंची मान डावीकडून उजवीकडे हलली. सर उठले, कॉफीच्या मशीनपाशी गेले, बटण दाबलं आणि कप ठेवायला विसरले. मघाच्या पोराने धावत येऊन कप लावला तोवर निम्मी कॉफी जाळीतून खाली गेली होती.

“तिचं चांगलं जावं असं वाटतंय ना?” पोरगा म्हणाला. तो सगळं ऐकत होता तर.

“हो,” सर म्हणाले. आणि मग, स्वतःलाच ऐकू जावं इतकं हळू, “माझंही.”

ती बाहेर आली, त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. उरलेले सगळे आत जाऊन आले. मग तरुणाने येऊन सगळ्यांचे आभार मानले आणि जायला हरकत नाही असं सांगितलं. “सर, तुम्ही जरा थांबाल?”

सगळ्यांना कळलं. नव्या बुटांची करकर लिफ्टकडे गेली. शंका शेवटी निघाली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

“तुम्हाला काम जमेल,” बाई म्हणाल्या. “शिकावं लागेल, पण ते तुम्हाला नवं नाही. महाविद्यालयाचं वर्ष संपलं की या. विचार करायचा असेल तर उद्यापर्यंत सांगा.”

इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी तिथे दुसरं येऊन बसलं.

“आणि ती मुलगी?”

“हुशार आहे. तुमच्याआधी तिलाच कळलं होतं, हे मला मान्य आहे. पण तिने मला प्रश्न चुकीचा आहे हे कबूल करायला लावलं आणि वर विचारलं, असं फसवून तुम्हाला उमेदवाराबद्दल काय कळतं?” बाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला. “खरं सांगायचं तर मला राग आला. प्रश्न रास्त होता. पण उद्या ही एखाद्या ग्राहकासमोर अशीच बसली तर मी काय करू? अजून कच्ची आहे ती.”

“ती तशीच विचारते. मलाही.”

“ते तिने सांगितलं. तुमच्याबद्दल विचारलं मी तिला. म्हणाली, सर चुकले की फळा पुसत नाहीत. चूक तशीच ठेवतात आणि शेजारी बरोबर लिहितात.” बाईंनी त्यांची उत्तरपत्रिका पुढे सरकवली. चौथ्या प्रश्नाशी ती आडवी रेघ होती. “मला वाटलं, मुलं शिक्षकांबद्दल असं काही तरी छान बोलतातच. मग हे पुन्हा पाहिलं.”

लिफ्ट खाली जाईपर्यंत सर आतल्या आरशात न बघता उभे होते.

इमारतीसमोर, रस्त्याच्या कडेला, एका बाजूला काचा उभ्या लावायची लाकडी चौकट असलेली गाडी इंजिन सुरू ठेवून उभी होती. चौकटीत एक मोठी काच दोरीने बांधलेली. तिच्यात समोरच्या झाडाची फांदी हलत होती. काचवाला चाकाशी उभा होता. शंका गाडीत बसली होती, पाय बाहेर सोडून. सरांनी वळून दुसऱ्या बाजूने जायचं ठरवलं आणि तेवढ्यात त्यांना हाक आली.

“अहो सर! सर!”

काचवाला दोन्ही हात पँटला पुसत पुढे आला आणि त्याने सरांचा हात हातात घेतला. “तुम्ही स्वतः आलात? हिने सांगितलंच नाही मला! कामधंदा सोडून पोरीच्या मागे उभं राहायला... कोण करतं हो इतकं?”

सरांचा हात त्या खरखरीत हातांत तसाच राहिला. त्यांनी शंकाकडे पाहिलं. ती त्यांच्या शर्टाकडे बघत होती. बिल्ला काढायचा राहूनच गेला होता. काचवाल्याचं अजून तिकडे लक्ष नव्हतं.

“हो बाबा,” ती म्हणाली. “सर माझ्यासाठीच आले होते. चला, उशीर होतोय.”

ती इतकं सरळ खोटं बोलू शकते हे सरांना माहीत नव्हतं. एक पाऊल मागे घ्यायचं, हसायचं, ‘येतो’ म्हणायचं. एवढंच उरलं होतं.

“नाही,” सर म्हणाले. “मीही मुलाखतीलाच आलो होतो. तिच्याच जागेसाठी.”

काचवाल्याला आधी ते नीट कळलं नाही. त्याने बिल्ला वाचला. मग मुलीकडे पाहिलं, मग सातव्या मजल्याकडे. सरांचा हात त्याने झटकला नाही. हळूच सोडला, जशी काच जागेवर टेकवून सोडतात.

“मग?”

“मला मिळाली.”

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. काचवाल्याने खिशातून फडकं काढलं, काचेवर नसलेला डाग पुसला.

“म्हणजे मिळते नोकरी,” तो म्हणाला. “गणितवाल्याला.”

तो टोमणा होता की नुसतंच सांगणं, हे सरांना त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तो गाडीला वळसा घालून गेला आणि आपल्या जागेवर बसला. दार मात्र त्याने उघडंच ठेवलं.

“तुम्ही घेणार?” शंकाने विचारलं.

सरांना बायकोचा कडीवरचा हात आठवला. आणखी काही आठवायच्या आत त्यांनी उत्तर दिलं.

“हो.”

तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत आलेलं पाणी तिने पुसलं नाही, आणि ते खालीही येऊ दिलं नाही. सर निघाले. चार पावलं गेले असतील.

“मी काय चुकले?” मागून तिचा आवाज आला. फणकाऱ्याने आला होता, पण प्रश्न खरा होता. “प्रश्न चुकीचा होता, तर चुकीचा आहे म्हणून सांगितलं. अजून काय करायला हवं होतं?”

सर थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर किती मुलं बसली होती, आणि पुढे तुम्हाला बाहेर नेमकं काय विचारतील, हे त्यांनी त्यांतल्या एकालाही सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीतच नव्हतं. ते परत आले, गाडीच्या पायरीशी टेकले आणि खिशातलं पेन काढलं.

“सांगितलंस ते बरोबरच. पण तू तिथेच थांबलीस. चुकीचा आहे, तर बरोबर कसा झाला असता?”

“ते त्यांनी बघायचं. प्रश्न त्यांचा आहे.”

“मुलाखतीला बसलं की आपला होतो. बघ, चारशे चालक. त्यातल्या एका आकड्यालाच हात लावायचा. कुठल्या?”

पिशवीतून तिने एक कागद काढला, मांडीवर पसरला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून एका हाताने धरून ठेवला.

“एकच बदलायचा?”

“एकच.”

ती कागदावर वाकली. स्टिअरिंगशी बसलेल्या काचवाल्याने मान वळवून दोघांकडे पाहिलं, हात पुढे नेला आणि गाडीचं इंजिन बंद केलं.